आमची टीम वर गेली की

कार्डिफच्या ज्या पार्कात मी निम्मं आयुष्य उभ्यानं काढलं, तिथे उन्हाळ्यात बेसबॉल खेळतात. बेसबॉल म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा अमेरिकन खेळ आठवतो. तो हा नव्हे. इथे चेंडू कमरेखालून हात फिरवून टाकतात, आणि तरी तो असा येतो की नव्या माणसाची बॅट हलायच्या आत मागच्याच्या हातात जाऊन बसतो. बॅट पुढून चपटी. एका बाजूला अकरा जण. चेंडू मारायचा आणि चार खांबांना वळसा घालत पळायचं, जितके खांब गाठाल तितक्या धावा. कार्डिफ, शेजारचं न्यूपोर्ट आणि वर लिव्हरपूल सोडलं तर हा खेळ कुणाला ठाऊकही नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चूक होईल, पण उगाच रंगवून लिहिणार नाही.

पोरवयात रत्नागिरीकडच्या एका बंदरात मी कौलं उतरवायचं काम केलं. गलबतावरचा माणूस कौल फेकणार, आपण झेलायचं, वळून पुढच्याकडे फेकायचं. कौल फुटलं की मुकादम आईबापाचा उद्धार करायचा. तिथे हात तयार झाले. पुढे बोटीवर लागलो, बोटीनं कार्डिफला आणलं, आणि मी उतरलो तो उतरलोच. गावी जाऊन लग्न करून आलो, बायकोला आणलं, इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी धरली. एका संध्याकाळी लाँड्रीतल्या पोरांना खेळायला माणूस कमी पडला, म्हणून त्यांनी मला बॅट्समनच्या पाठीमागे उभं केलं. त्या जागेला बॅकस्टॉप म्हणतात. क्रिकेटचा विकेटकीपर समजा, फक्त स्टंप नाहीत. त्या संध्याकाळी मी एक चेंडू मागे जाऊ दिला नाही. तेव्हापासून पार्कात माझं नाव बॅक. खेळणं थांबलं, केस गेले, तरी बॅकच.

इथल्या मराठी मंडळात बहुतेक सगळे डॉक्टर. चांगली माणसं आहेत, मला कुणी कधी वाकडं बोललेलं नाही. पण नवा माणूस विचारतो, "काका, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला होता?" मी म्हणतो, लाँड्री. तो म्हणतो, "अरे वा!" त्या 'अरे वा'चा मला वीट आलाय. पार्कात कुणी 'अरे वा' म्हणत नाही. झेल सुटला तर शिवी, घेतला तर पाठीत गुद्दा. हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

तर नवं शतक लागलं त्याच्या आगेमागे आमच्या वस्तीची टीम पहिल्या डिव्हिजनमधून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. जुना कोच गेला, नवा आला. हा शाळेत पीटीचा मास्तर. याचा बाप आमच्यातच खेळलेला, म्हणजे घरचाच. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना गवतावर बसवलं आणि सांगितलं, आपल्याला रीबिल्डिंग करायचंय. जुने जाणते काढायचे, कोवळी पोरं घ्यायची, त्यांना घडवायचं, घाई करायची नाही.

माझ्या शेजारी डॉकवर क्रेन चालवलेला एक म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसायचा. मी त्याला क्रेनवाला म्हणायचो.

"बांधतोय म्हणे," क्रेनवाला म्हणाला. "काय बांधतोय? शेड?"

"टीम."

"किती दिवस?"

"तीन वर्षं म्हणतो."

"बॅक, तुझ्या-माझ्याकडे तीन वर्षं आहेत का?"

"माझ्याकडे आहेत. तुझं तू बघ."

तीन वर्षांची पाच झाली, पाचाच्या वर गेली. दर सीझनला तेच. मे महिन्यात नवी पोरं येणार, जूनमध्ये हरणार, जुलैत जरा जम बसणार, आणि ऑगस्टमध्ये कोच म्हणणार, "पुढच्या वर्षी बघा." पुढच्या वर्षी त्यातलं बरं पोरगं वरच्या डिव्हिजनच्या टीमनं उचललेलं असे, एखादं युनिव्हर्सिटीला गेलेलं, एखाद्याला गर्लफ्रेंडपुढे बेसबॉल आठवत नसे. पुन्हा पायापासून. आमच्या गावी लोक घर बांधतात आणि वरचा मजला पुढे कधीतरी चढवू म्हणून गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवतात. पोरं मुंबईला जातात, सळया गंजतात. मॅच बघताना मला त्या सळया दिसायच्या. कोच वाईट नव्हता. पावसात उभा राहायचा, हरल्यावर पोरांवर ओरडायचा नाही. पण मला त्याच्या त्या शब्दाचा थकवा आला होता. हरलं की हरलो म्हणावं. रीबिल्डिंग म्हटलं की हरण्याला शेवटच राहत नाही.

आता घरचं. आमची एकुलती मुलगी नॉटिंगहॅमला असते, हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. जावई तिथलाच. त्यांनी घर वाढवलं तेव्हा तळमजल्यावर आमच्यासाठी एक खोली काढली, लागून बाथरूम. आमचं कार्डिफचं घर जुन्या पद्धतीचं, अरुंद, बाथरूम वर, जिना शिडीसारखा उभा. बायकोचे गुडघे गेलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशन होईल, पण हार्ट जरा नाजूक आहे, बघू. ते 'बघू' सुद्धा कोचसारखंच लांबत गेलं. मी जिन्याला दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा बसवला. स्वतः बसवला, कुणाला बोलावलं नाही. बायको कठडा धरून उतरायची, आणि दुखणं जास्त असलं की बसून, पायरी पायरीनं, लहान मूल उतरतं तशी.

मुलगी दर रविवारी फोन करून म्हणायची, या. बायकोला जायचं होतं. मला नव्हतं. नॉटिंगहॅमला मी कोण? जावयाच्या घरातल्या मागच्या खोलीतला म्हातारा. तिथे मला बॅक कोण म्हणणार?

मंडळाच्या गणपतीत एकदा आरती झाल्यावर मी तबक घेऊन सगळ्यांसमोर फिरत होतो. एक डॉक्टरीणबाई ज्योतीवर हात फिरवून म्हणाल्या, "काका, मग कधी शिफ्ट होताय मुलीकडे? काकूंना त्रास होतो हो जिन्याचा."

मी म्हणालो, "आमची टीम वर गेली की."

"कुठली टीम?"

"बेसबॉलची. पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली की त्याच महिन्यात निघालो. हा शब्द."

सगळे हसले. बायको हसली नाही. घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, "हातात आरती होती तुमच्या."

"मग?"

"मग काही नाही. देवासमोर बोललात, एवढंच."

दुसऱ्या दिवशी बघतो तर देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेला नारळ.

"हा कसला?"

"तुमच्या टीमचा," ती म्हणाली. "वर जाऊ दे म्हणून बोललेय."

जन्मात तिनं त्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी मॅच बघून आलो की कपडे बदला, पायाची माती बाहेर झटका, एवढंच बोलायची. आणि आता या गोऱ्या पोरांसाठी माझ्या घरात नवस. दर गणपतीला ती जुना नारळ काढून नवा बांधायची. मॅचच्या दिवशी मी दारात पाय ठेवला की विचारायची, "काय झालं?"

"हरले."

"परत?"

"परत."

"अहो, त्या मास्तरला काही येतं का? का नुसता गोड बोलतो?"

"मीही तेच म्हणतो."

"मग सांगा ना त्याला! इतकी वर्षं तिथे उभे राहता ते कशाला?"

आमच्या लग्नात आम्ही दोघं जेवढं एकमतानं बोललो नसू तेवढं त्या कोचबद्दल बोललो. कुणी म्हणेल, याला नॉटिंगहॅमला जायचं नव्हतं, म्हणजे टीम हरलेली याला बरीच वाटत असणार. म्हणू दे. मी दर मॅचला घसा बसेपर्यंत ओरडलोय. शब्द देताना मला वाटलं होतं टीम एक-दोन वर्षांत वर जाईल, आणि मी ताठ मानेनं जाईन. टीमनं मला तसं जाऊ दिलं नाही, हा टीमचा दोष.

मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तो टीम कधी जिंकणार आहे?"

"ती टीम."

"ओके, ती. कधी?"

"बांधतायत."

"बाबा, सीरियसली. आईनी किती दिवस थांबायचा?"

मी फोन बायकोकडे द्यायचो.

क्रेनवाला एका उन्हाळ्यात आलाच नाही. त्याची मुलगी कुत्रा फिरवायला पार्कात यायची, तिनं सांगितलं की हिवाळ्यात गेला. मी त्याच्या जागेपासून थोडा सरकून उभा राहायला लागलो.

मग एक सीझन बरा आला. पोरं टिकली. एक लालकेस्या बोलर होता, त्याचा चेंडू नागासारखा वळायचा. शेवटची मॅच जिंकली असती तर आम्ही वर. बायको म्हणाली, "मी येते."

"तुला काय कळणार?"

"जिंकले का हरले एवढं कळेल."

टॅक्सी करून गेलो. तिनं थर्मासमध्ये चहा घेतला, डब्यात चिवडा, साडीवर माझा जाड कोट. बाकावर बसल्या बसल्या विचारते, "आपले कुठले?"

"निळे."

"निळ्यांत ते जाडे कोण? वयस्क वाटतात."

तो आमचा प्लास्टरर, भिंतींना गिलावा करणारा. जुन्यांतला तेवढाच कोचनं ठेवला होता, तोही माझ्या सांगण्यावरून. दोन वर्षं मी कोचच्या मागे लागलो होतो, एक तरी अनुभवी माणूस ठेव, सगळी कोवळी पोरं दबावात गळतात.

मॅच शेवटपर्यंत गेली. समोरच्यांचा शेवटचा बॅट्समन, त्यांना जिंकायला थोड्याच धावा. लालकेस्यानं चेंडू टाकला, बॅट्समननं उंच उडवला, चेंडू वर, वर, आणि खाली प्लास्टररच्या हातात. हातातून गवतात. तो शोधतोय आणि बॅट्समन खांबांमागून खांब ओलांडतोय. झालं.

कोच माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं. बायकोनं डबा उघडून त्याच्यासमोर धरला. त्यानं चिमूटभर चिवडा खाल्ला, थँक्यू म्हणाला आणि पोरांकडे गेला.

टॅक्सीत बायको म्हणाली, "सुटतो झेल कधी कधी माणसाचा."

"त्याचा सुटायला नको होता."

"तुमचा कधी सुटला नाही का?"

मी वळून बघितलं. तिनं गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. त्या बाकावर इतका वेळ बसून तो आखडला होता. घरी जिना चढताना मला तिच्या मागे उभं राहून कंबरेला आधार द्यावा लागला.

हिवाळ्यात एका दुपारी कोच घरी आला. पहिल्यांदाच. बूट दारात काढून मोज्यांवर उभा राहिला, हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बायकोनं कॉफी ठेवली. तो म्हणाला, "बॅक, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. लीगमधले आणखी काही क्लब बंद पडले. माणसंच मिळत नाहीत. दोन डिव्हिजन चालवणं जमणार नाही, म्हणून सगळ्यांची मिळून एकच होणार. पहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण वर गेलो." त्यानं कपाकडे बघत सांगितलं.

"हे वर जाणं नव्हे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला."

"छप्पर खाली बसलं म्हणून आपण गच्चीवर आलो, असं झालं हे."

तो हसला नाही. "मी पोरांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू तेच कळत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हॉस्पिटलच्या किचनमध्ये तिनं इतकी वर्षं काम केलं होतं की तिला इंग्रजी माझ्याइतकंच कळायचं. कोच गेल्यावर ती म्हणाली, "पहिली म्हणाला ना?"

"ते खरं नाही."

"तुम्ही 'पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली की' असं बोलला होता. कशी गेली पाहिजे ते बोलला नव्हता."

"तू वकील कधी झालीस?"

"मी देवाला वर जाऊ दे म्हटलं. कसं ते त्याच्यावर सोडलं होतं."

"मग तुझ्या देवानं बाकीच्यांची घरं पाडली म्हणायची."

हे मी बोलायला नको होतं. ती आत गेली. पुढचे काही दिवस आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोललो. मी पार्कात जाऊन आलो. गवत ओलं, खांब नाहीत, फक्त कुत्री फिरवणारे. जे क्लब बंद पडले त्यांच्याविरुद्ध मी खेळलो होतो. त्यांतला एकेक बॅट्समन मला आठवत होता, कुणाचा पाय कुठे पडायचा तेही. आमची टीम त्या सगळ्यांना हरवून वर गेली असती तर मी त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या असत्या. पण ज्यांना हरवायचं ते राहिलेच नाहीत. रीबिल्डिंगवर माझा विश्वास नव्हता हे खरं, पण ते असं संपेल अशीही माझी कल्पना नव्हती. इतकी वर्षं त्या मास्तरनं भिंत रचली आणि खालची जमीनच खचत होती, ते त्यालाही दिसलं नाही आणि मलाही.

एका सकाळी मी खाली चहा करत होतो. वरून बायकोची चाहूल लागली, मग थांबली. बराच वेळ काही नाही. बाहेर येऊन बघतो तर ती जिन्याच्या मध्यावर बसलेली, मांडीवर धुवायच्या कपड्यांचा गठ्ठा, डोळे मिटलेले.

"काय झालं?"

"काही नाही. दम खातेय."

मी चढून तिच्या खालच्या पायरीवर बसलो. दोन माणसं शेजारी बसतील एवढा तो जिना रुंद नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी काय म्हणते. तुमचा शब्द राहू दे, माझा नवसही राहू दे. मला खाली राहायचंय. एवढंच."

मी कठड्याला हात लावून बघितला. पक्का होता, जरासुद्धा हलत नव्हता.

"टीम वर गेलेली नाही," मी म्हणालो. "मी मानत नाही आणि मानणार नाही."

"बरं."

"पण नॉटिंगहॅमला जाऊ."

"का?"

"मला वाटतं म्हणून."

ती हसायला लागली. हसताना तिच्या मांडीवरचे कपडे घसरले आणि सगळा जिना माझ्या बनियननी भरला. "बरं बाई," ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं म्हणून."

नवस फिटला की नाही यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणालो, नाही फिटला; ती म्हणाली, मी देवाशी बघून घेते. तिनं नारळ फोडला, वड्या केल्या आणि डबा भरून कोचच्या शाळेत पाठवून दिला, पोरांना वाटून टाक म्हणून. पोरांना काय सांगितलं त्यानं, मी विचारलं नाही.

सीझन सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो. मुलगी-जावई व्हॅन घेऊन आले. बायकोनं तो कठडा काढून न्यायचा का विचारलं. मी म्हणालो, पुढच्या माणसाला लागेल.

त्या वर्षी टीम शेवटची आली. खाली डिव्हिजनच उरली नव्हती, म्हणून खाली गेली नाही. कोचनं फोन करून सांगितलं. मी विचारलं, आता पुढे काय? तो म्हणाला, लालकेस्या बोलर सोडून गेला, पण दोन नवी पोरं आलीयत, हात बरे आहेत, बघू. मी म्हणालो, तो रीबिल्डिंग शब्द वापरलास तर फोन ठेवीन. तो म्हणाला, नाही वापरत. मग बॅकस्टॉपला कोण उभा राहतो ते विचारलं, आणि त्यानं सांगितलं तेव्हा मला ओरडावंच लागलं, की तो पोरगा चेंडू येण्याआधी डोळे मिटतो, मी स्वतः पाहिलंय, त्याला तिथून काढ.

"तुम्ही असता तर शिकवलं असतं," तो म्हणाला.

"मी नाही येणार," मी म्हणालो.

माझा आवाज चढला होता. बायको शेजारच्या खोलीतून उठून आली, काठी टेकत, आपल्या पायांनी, आणि कुणाशी भांडताय म्हणून विचारायला दारात उभी राहिली. मी हातानंच तिला बस म्हटलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि माझं बोलणं संपेपर्यंत बसून राहिली.